कोपरावरचा अंगठा

माझ्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला एक टोकदार हाड आहे. तसं ते तुमच्याही कोपराला आहे. फरक एवढाच, की माझ्या त्या हाडावर कित्येक महिने एका माणसाचा अंगठा होता, आणि त्यातले बरेचसे महिने तो माणूस हयात नव्हता.

हे मी कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. मी जळगावला ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवतो. पोरं आधीच म्हणतात, सर नकाशात खान्देश दाखवताना गुजरातेत शिरतात. त्यात आणखी भुताटकीची भर नको.

तो माणूस म्हणजे आमचे नाना. माझे वडील. जन्मभर एसटीत ड्रायव्हर, मुक्काम अमळनेर. शेवटच्या पावसाळ्यात त्यांची नजर गेली आणि गुडघेही गेले. काठी घ्यायला मात्र तयार नाहीत. "काठी म्हाताऱ्याले लागस," म्हणायचे. मग काठीच्या जागी मी. नाना माझ्या उजव्या अंगाने चालायचे आणि डाव्या हाताने माझं कोपर धरायचे. बोटं आतून, अंगठा बाहेरून, नेमका त्या हाडावर. स्टिअरिंगची सवय हातात मुरलेली. अंगठा दाबला की मी डावीकडे वळायचं, सैल सोडला की सरळ. नजर त्यांची गेलेली, डोळे माझे शाबूत, आणि रस्ता कोण दाखवतंय, तर नाना. गंमत म्हणजे मी एकदाही खड्ड्यात गेलो नाही. एकटा चालतो तेव्हा जातो.

डोळे दाखवायला मी त्यांना जळगावला आणलं होतं. परत जाताना बसस्टँडवर आमचे प्राचार्य समोर आले, सोबत दोन नवे लेक्चरर. मी हसून नमस्कार करायला गेलो, तर नानांनी अंगठा दाबून मला गर्रकन डावीकडे वळवलं. नमस्कार झाला तो पाणपोईला. ते तिघं हसले. मी कोपराला हिसका दिला.

"नाना, सोडा ना! लहान पोर आहे का मी?"

नानांचा हात तसाच हवेत राहिला. मग खाली गेला. "बरं सर," ते म्हणाले.

मला त्यांनी आयुष्यात कधी सर म्हटलं नव्हतं. मागे एक सायकल मोठ्याने घंटी वाजवत होती. तिला बाजूने जायला जागा हवी होती आणि नानांनी मला बाजूला घेतलं होतं, हे मला ती कुल्ल्याला घासून गेल्यावर कळलं.

त्यानंतर नानांनी माझं कोपर धरलं नाही. अमळनेरला घरात ते भिंतीला धरून चालायला लागले. दिवाळीच्या तोंडावर झोपेतच गेले. वयाने गेले, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

माय माझ्याकडे जळगावला आली. अमळनेरचं घर, म्हणजे स्लॅबच्या दोन खोल्या आणि पुढे ओटा, कुलूपबंद झालं. पण संक्रांत गेली तशी मायने विषय काढला. "आखाजीनी घागर मी मना घरमाच भरसू." आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांच्या नावाने पाण्याची मातीची घागर मांडतात. वर्षभरात घरातलं माणूस गेलेलं असेल तर ती त्याची पहिली घागर. त्याला त्या दिवशी पाणी मिळालं नाही तर तो तहानलेला राहतो, असं मायचं म्हणणं. आणि ते पाणी मुलाने आणायचं. गल्लीच्या तोंडाशी हापसा आहे, तिथून घरापर्यंत. वाटेत घागर खाली टेकवायची नाही.

"त्याआधी घरले चुना मारा," माय म्हणाली.

पेंटर बोलवू, असं बायको म्हणाली. इथे माझ्यातला शहाणा जागा झाला. म्हटलं, दोन खोल्यांना पेंटर कशाला? बावीस वर्षं फळा पुसतोय, एक भिंत पुसता येणार नाही? बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्यात पुढचे सहा महिने लिहिलेले होते, पण मला वाचता आले नाहीत.

रविवारची सकाळची गाडी पकडून अमळनेरला गेलो. नानांच्या पेटीतून खरवडायची लोखंडी पट्टी काढली. खाटेपाशी उभा राहिलो आणि तेव्हा पहिल्यांदा ते डाग बघितले.

खाटेपासून न्हाणीच्या दारापर्यंत, कमरेच्या उंचीवर, भिंतीवर हात उमटलेले होते. नाना डोक्याला रोज खोबरेल थापायचे, तेच हात भिंतीला. पहिला पंजा खाटेजवळ, मग हातभर अंतराने दुसरा, तिसरा. एकूण सहा. काळपट, तेलकट, बोटंसुद्धा मोजता यावीत असे. एका आंधळ्या माणसाचा रस्ता. जिथे माझं कोपर असायला हवं होतं, तिथे भिंत होती.

मी ते आधी खरवडले. बाकी भिंती राहिल्या बाजूला, डाग आधी. कडक चुना, आत मागच्या कुठल्यातरी वर्षाचा निळा रंग, त्याच्या आत हिरवा. मी नानांची वर्षं सालीसारखी उलटी काढत होतो. संध्याकाळी त्या जागेवर पांढरा हात मारला, मागे सरून बघितलं, आणि स्वतःच्या पाठीवर मनातल्या मनात थाप मारली.

पुढच्या रविवारी कुलूप काढलं. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर आधी काही दिसलं नाही. मग दिसले. सहा पंजे, पिवळट, कोऱ्या चुन्यावर.

मी पुन्हा खरवडले. या वेळी जास्त खोल. तिसऱ्या रविवारी पुन्हा होते. खान्देशात फाल्गुन लागायच्या आधीच दुपारची गल्ली मरून पडते. दारं बंद, कुत्रीसुद्धा गटारात. त्या शांततेत माझ्या पट्टीचा खर्र खर्र आवाज, आणि मी थांबलो की न्हाणीच्या बाजूने त्याचा एक शेवटचा तुकडा. खर्र. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, हे मला माहीत आहे. प्रतिध्वनीने समुद्राची खोली मोजतात, हे मी अकरावीला शिकवतो. तरी त्या दिवशी मी दार उघडं ठेवून काम केलं, आणि पाठ भिंतीला लावून डबा खाल्ला. नंतर लक्षात आलं की भिंत कुठली, आणि डबा घेऊन उठलो.

परतीच्या गाडीत चहाचा कप हातातून सुटला. धक्का नाही, काही नाही. बोटं आपोआप उघडली, कुणीतरी सावकाश सोडवून घेतल्यासारखी. समोरच्या बाईंच्या पिशवीतल्या मेथीला चहा झाला. मी माफी मागितली आणि मान वळवून उजवीकडे बघितलं. उजवीकडची जागा रिकामी होती.

मग हे रोजचं झालं. डस्टर सुटायचं. टॉवेल पिळता येईना. दाराची मूठ फिरवली की कोपरात कळ. प्राचार्यांनी एकदा कौतुकाने हात मिळवला, तर मी एवढ्याने ओरडलो की त्यांनी तो हात पुढच्या खेपेला खिशातच ठेवला. दुपारचा चहा घेतानाच जास्त वेळा कप पडायचा, आणि तो पडला की माय कुठूनतरी म्हणायची, "नानास्नी चहानी येळ शे." म्हणायची आणि विसरून जायची. मला विसरता यायचं नाही.

एका दुपारी मी स्टाफरूममध्ये डाव्या अंगठ्याने दुखरी जागा शोधत होतो. ती बाहेरच्या हाडावर सापडली, टिकलीएवढी जागा, आणि दाबताच पायापर्यंत शिरशिरी गेली. दुखण्याने नव्हे, ओळखीने. नानांच्या अंगठ्याला ती जागा पाठ होती.

म्हणजे नाना रागावलेले होते. धरलेलं कोपर मी सोडवून घेतलं होतं, ते त्यांनी पुन्हा धरलं होतं, आणि या वेळी हिसका देऊन ते सुटणार नव्हतं. पहिला विचार आला तो घागरीचा. चहाचा कप धरू न देणारा माणूस पाण्याने भरलेली घागर घरापर्यंत येऊ देईल? माझ्या हातचं पाणी त्यांना नकोच असेल तर?

आता एखाद्या शहाण्या माणसाने हाताला विश्रांती दिली असती. मी प्रायश्चित्त घेतलं. दर रविवारी, पुढे सुट्टीच्या दिवशीही, जाऊन ते डाग आणखी जोरात खरवडायला लागलो. खरवडता खरवडता भिंतीची माफी मागायचो. "नाना, चुकलं. नाना, सायकल दिसली नाही मला." मनगट मागे ताठ, मूठ घट्ट, खर्र खर्र. संध्याकाळी कोपरावर गरम तेल, काळा दोरा, बायकोच्या नकळत लिंबू. दोरा इतका घट्ट बांधला की करंगळी बधिर झाली. आणि डाग येतच राहिले. एका रविवारी मोजले तर सात भरले. मी भूगोलाचा माणूस आहे, गणिताचा नाही, अशी स्वतःची समजूत घातली. मग सातवा खिळ्यावरून पडलेल्या कॅलेंडरच्या मागे पहिल्यापासून होता, हे लक्षात आलं. तोवर मी ओट्यावर जाऊन बसलेलो होतो.

होळीला धुळ्याला अक्काकडे गेलो. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. जेवताना डाळीची वाटी तिच्या हातात द्यायला गेलो, ती सरळ तिच्या मांडीवर.

"काय रे भाऊ! लहानपणी बी असाच सांडे," अक्का ओरडली. मग माझा चेहरा बघून थांबली. "हातले काय व्हयनं?"

"काही नाही."

"काही नही तं दोरा कसाना शे? दखाड." तिने दोरा बघितला, करंगळी बघितली. "येडा व्हयना का तू? एवढा शिकेल माणूस!" दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला त्यांच्या गल्लीतल्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडे शाळेत घालायला न्यावं तसं नेलं.

मॅडम तिशीतल्या. माझं मनगट धरून म्हणाल्या, "वर उचला, मी खाली दाबते." मी उचललं आणि टेबलावरून अर्धा फूट उडालो.

"टेनिस एल्बो," त्या म्हणाल्या.

अक्का माझ्याकडे संशयाने बघायला लागली. "भाऊ, तू टेनिस कव्हय खेळना रे?"

"खेळावं लागत नाही मावशी. इथे गवंडी येतात, शिंपी येतात. सर, हात काय काम करतो तुमचा?"

मी भिंतीचं सांगितलं. खरवडतो, डाग परत येतो, परत खरवडतो. किती दिवस, तर दोन महिने.

"डाग जात नाही, तर थांबत का नाही?"

अक्का मधेच म्हणाली, "तेल शे ते! तेलना डाग चुनामधून वर येसच. पेंटरले इचारतास तं सांगता." तिचा आवाज पुढे बारीक झाला. ते हात कुणाचे, हे तिला त्याच क्षणी कळलं असावं.

मी मात्र तिथे फुटलो. अंगठ्याचं सगळं सांगून टाकलं. बसस्टँड, हिसका, बरं सर. मॅडम हसल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "सर, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचं इथेच दुखतं. याच हाडावर."

"मग सगळ्यांनीच नानांना..."

"मनगट मागे उचलणारे स्नायू असतात ना, त्यांची दोरी या हाडाला बांधलेली असते. मूठ आवळली की ती ताणली जाते. तुम्ही तीच दोरी हजारो वेळा ओढलीत, तिला सावरायला वेळ दिला नाहीत. ती झिजलीय. पकड म्हणून सुटते." त्यांनी कागदावर काढून दाखवलं. चित्र माझ्या नकाशांपेक्षा बरं होतं.

इंजेक्शन द्या आणि मोकळं करा, म्हटलं. त्या म्हणाल्या, दुखणं झटकन उतरतं, पण पुष्कळांचं परत येतं, आणि मग जास्त रेंगाळतं. आधी हे करा. खरवडणं बंद. हात मात्र बंद नाही, गळ्यात बांधून ठेवायचा नाही. वस्तू उचलताना तळवा वर, कोपर अंगाशी. जड काम असेल तेव्हा कोपराच्या दोन बोटं खाली हा पट्टा. आणि रोज व्यायाम: हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर, तळवा खाली, हातात वजन. वर न्यायला डाव्या हाताची मदत. खाली सोडायचं उजव्याने एकट्याने, सावकाश.

"थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर वजन कमी. काही महिने लागतील."

"महिने? आखाजीला घागर आहे."

"घागर तळव्यांवर घ्या. दोन्ही हातांनी. काठाला धरून लटकवू नका."

वजन म्हणून मी नानांची पितळी लोटी घेतली. एसटीत असताना ती सीटखाली असायची. पहिल्या दिवशी रिकामी लोटीसुद्धा थरथरत खाली गेली. मग तळाशी दोन बोटं पाणी घातलं, आठ दिवसांनी चार बोटं. मधे एकदा हुशारी करून काठोकाठ भरली, तर दोन दिवस पुन्हा डस्टर पडत होतं. सावकाश सोडणं हे काय काम आहे ते तेव्हा कळलं. उचलायला मदत चालते, सोडायचं एकट्याने. आणि हिसका दिला की ते मोजायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून.

पेंटरने घर रंगवलं. ती एक भिंत तेवढी मी ठेवायला सांगितली. मायला आधी तिथे नेऊन विचारलं होतं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, धड दिसत नाही, पण तिने भिंतीवरून हात फिरवला, एका पंजावर आपला पंजा ठेवला. "ऱ्हाऊ दे," म्हणाली.

आखाजीच्या सकाळी मी अंघोळ करून हापशावर गेलो. कुंभाराकडची कोरी घागर. कोपर साठ-सत्तर टक्के बरं होतं, म्हणजे कपापुरतं बरं. अक्काची बस अजून यायची होती. माय आत चुलीपाशी होती, पुरणपोळीचा घास तुपात बुडवून विस्तवावर टाकायची तयारी करत. गल्लीत माणूस नव्हतं. पुरुष घरोघर आखाजीच्या पत्त्यांना बसलेले, पण आवाजही येत नव्हता. ऊन पांढरं झालं होतं.

हापसा डाव्या हाताने मारला. घागर भरली. दोन्ही तळवे खाली घालून उचलली, कोपरं अंगाशी, मॅडमनी सांगितलं तसं. निघालो. कोरी घागर पाझरत होती, थंड पाणी मनगटावरून आत शिरत होतं. दहा पावलं बरी गेली. विसाव्या पावलाला उजव्या हाताची बोटं उघडायला लागली. तशीच, सावकाश, कुणीतरी सोडवून घेतल्यासारखी. घागर उजवीकडे कलली. खाली टेकवायची नाही. टेकवली असती तर माय काही बोलली नसती, हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच टेकवता येत नव्हती.

"नाना," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. "धरा."

कोपराला आधार आला. बोटं आतून, अंगठा बाहेरून. दुखलं नाही. माझी बोटं मिटली. मला वाटलं, माय न राहवून आली बाहेर. मान वळवायची सोय नव्हती, पाणी हिंदकळलं असतं. आमच्या ओट्यापाशी अंगठा दाबला गेला आणि मी डावीकडे झालो. उजवीकडे पायरीवर शेजारच्या सांडपाण्याने शेवाळ धरलं होतं, सकाळी जाताना मी त्याच्यावरून घसरता घसरता वाचलो होतो आणि विसरलो होतो. उंबरठ्यावर मायने गेलेल्यांच्या नावाने कुंकवाची बोटं ओढलेली होती. ती न पुसता आत आलो आणि घागर तांदळाच्या चौकावर ठेवली. थेंबही सांडला नाही, असं म्हणायचा मोह होतो. सांडला. पण माझ्या अंगावर.

"सोड आता, माय," मी म्हणालो.

"काय रे?" मायचा आवाज पुढून आला. ती चुलीपाशीच होती, माझ्या समोर, पाठमोरी. हातात तुपाची वाटी.

पट्टा, मी स्वतःला सांगितलं. पट्ट्याने धरलं, त्यासाठीच तो असतो. शहाणा माणूस मी, एवढा शिकलेला. मायने नानांचं नाव घेऊन घास विस्तवावर टाकला, तूप भडकलं, खोली एकदम उजळली. मी ओला शर्ट बदलायला न्हाणीत गेलो. पट्टा तिथे खिळ्याला लटकत होता. अंघोळीच्या वेळी काढला होता.

बाहेर येताना भिंतीच्या बाजूने आलो. या वेळी पंजे मोजले नाहीत.

पुढच्या महिन्यात धुळ्याला गेलो तेव्हा मॅडमनी मनगट दाबून बघितलं आणि खूश झाल्या. "घागर उचलली का?"

"हो."

"कोपराला आधार होता ना?"

"होता," मी म्हणालो, आणि लोटी गळ्यापर्यंत भरायची परवानगी मागितली.